रॉड तोच, मग पाणी कोमट का?

नेरमधली थंडीतली सकाळ. बादलीत रॉड सोडलाय; त्यावर छापलंय: २३० व्होल्ट, १००० वॅट. वॅटला व्होल्टने भागा, प्रवाह निघतो ४.३५ अँपिअर. व्होल्टला अँपिअरने भागा, रोध निघतो सुमारे ५३ ओहम. जर्मन शिक्षक गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली मांडलेला नियम तो हाच.

आता व्होल्टेज १८०वर उतरलं समजा. रोध जवळपास तेवढाच, म्हणून प्रवाह ३.४ अँपिअर. शक्ती म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर: जेमतेम ६१२ वॅट! व्होल्टेज पाव भागही घटलं नाही, पण उष्णता सुमारे ३९ टक्क्यांनी आटली. कारण सोबत प्रवाहही घसरला. अर्ध्या तासाच्या बादलीला आता पाऊण तासाहून जास्त लागेल. बोट बुडवून बघण्याआधी बटण मात्र बंद करा, प्लगही काढा.