नकाशातले मैदान कोणाचे?

वाचकहो, आपल्या गावच्या विकास आराखड्याचा नकाशा आपण कधी निरखून पाहिला आहे काय? त्यात कुठे कुठे हिरवे तुकडे असतात. एकावर 'क्रीडांगण' लिहिलेले असते, दुसऱ्यावर 'बगीचा'. ते पाहून आपण निर्धास्त होतो. वाटते, चला, एवढी जागा तरी पोरांना खेळायला राहिली. पण त्याच जमिनीचा सातबारा काढून बघा. त्यावर बहुधा कोणा शेतकऱ्याचे नाव निघेल. नगरपालिकेचे नव्हे.

हा काय प्रकार आहे? आरक्षण म्हणजे खरेदी नव्हे, एवढेच त्याचे उत्तर. 'ही जागा पुढेमागे आम्हांला सार्वजनिक कामासाठी लागणार आहे, तोवर तीवर दुसरे काही बांधू नका,' असे मालकाला बजावणे म्हणजे आरक्षण. मालकी त्याचीच राहते, उपभोग मात्र थांबतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याच्या १२६ व्या कलमात अशी जमीन मिळवण्याचे तीन मार्ग सांगितले आहेत. मालकाशी बोलून रोख पैसे द्यावेत. पैशांऐवजी त्याला दुसरीकडे जादा बांधकामाचा हक्क द्यावा. किंवा सरकारकडे अर्ज करून जमीन संपादन करावी. दुसरा मार्ग मुंबई-पुण्याला फार चालतो. आमच्या पारोळ्यासारख्या गावात जादा मजल्यांचा हक्क घेऊन मालकाने तो विकावा कोणाला, हा प्रश्नच आहे!

म्हणजे गाडी शेवटी पैशांवर येऊन थांबते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे शहरी हद्दीत बाजारभाव आणि त्यावर तेवढीच दिलासा रक्कम द्यावी लागते. बाजारभावाने एक कोटीची जमीन नगरपालिकेला सुमारे दोन कोटींना पडते, व्याज वेगळे. लहान नगरपालिकेला एवढी रक्कम उभी करणे सोपे नाही. मग 'पाहू पुढच्या वर्षी' म्हणत वर्षे निघून जातात.

कायदा मात्र कायमचा थांबत नाही. त्याचे १२७ वे कलम ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही किंवा संपादनाची कारवाई सुरू केली नाही, तर मालक आपल्या मालकीचे कागद जोडून नोटीस देऊ शकतो. या नोटिशीनंतरची मुदत पूर्वी सहा महिन्यांची होती, २००९ साली ती बारा महिन्यांची झाली आणि २०१५ पासून चोवीस महिन्यांची आहे. तेवढ्यात पावले उचलली नाहीत, की आरक्षण रद्द! शेजारच्या जमिनीवर जे बांधता येते ते मालक आपल्या जमिनीवर बांधू शकतो.

पण 'पावले' म्हणजे काय? यावर मुंबईत मोठा वाद झाला. मलबार-कंबाला हिल भागात बागेसाठी राखलेल्या एका जमिनीच्या मालकाने मार्च २००२ मध्ये नोटीस दिली. महापालिकेने सप्टेंबरात, मुदत संपायला काही दिवस उरले असताना, ठराव करून सरकारला पत्र धाडले. सरकारची अधिसूचना निघाली २० नोव्हेंबरला. 'गिरनार ट्रेडर्स' या नावाने गाजलेल्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तिघांपैकी दोघा न्यायमूर्तींनी २००७ साली निर्णय दिला, की नुसता ठराव आणि पत्र म्हणजे संपादनाचे पाऊल नव्हे. आरक्षण गेले. वर्षानुवर्षे राखलेली बाग शेवटच्या आठवड्यातल्या टपालाने वाचत नाही, ती अशी.

न्यायालयाने नागरिकांवर अन्याय केला असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. ज्याच्या शेतावर हिरवा रंग पडला त्याचीही मुले असतात, मुलीचे लग्न असते. जमीन विकावी तर गिऱ्हाईक नाही, बांधावे तर परवानगी नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे महाराष्ट्रातलीच एक जमीन आली होती. ती ३३ वर्षे शाळेसाठी अडकून होती. तेही आरक्षण न्यायालयाने संपलेले धरले.

हे दुखणे आपल्यापुरतेच नाही. अमेरिकेत डेन्व्हर शहरी पार्क हिल नावाचे १५५ एकरांचे गोल्फचे मैदान होते. तिथे घरे होऊ नयेत म्हणून शहराने १९९७ साली जमीन न घेता फक्त तिच्या वापरावरचे बंधन वीस लाख डॉलरना विकत घेतले. पुढे गोल्फ बंद पडले आणि २०१९ साली जमीन एका बांधकाम कंपनीकडे गेली. बंधन उठवावे काय, यावर एप्रिल २०२३ मध्ये मतदान झाले आणि लोकांनी 'नाही' म्हटले. अखेर जानेवारी २०२५ मध्ये विमानतळाजवळची शहराची जमीन कंपनीला देऊन हे मैदान घेण्याचा करार जाहीर झाला. तिथे बंधनाला निदान पैसे मोजले होते; आपण ते फुकट घालतो, हा फरक.

तेव्हा बालाजीच्या यात्रेत पाळणे आणि दुकाने कुठे मांडायची, पोरांनी चेंडू कुठे फेकायचा, याची ज्यांना काळजी असेल त्यांनी नगरपालिकेत जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात. आपला आराखडा कोणत्या तारखेला अमलात आला? हिरव्या तुकड्यांपैकी किती प्रत्यक्ष ताब्यात आले? आणि राहिलेल्यांपैकी कोणाकोणाची १२७ ची नोटीस येऊन पडली आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लेखी मागावे, आणि नोटीस पोचल्याची तारीख टिपून घ्यावी. चोवीस महिने त्याच तारखेपासून मोजायचे असतात.