घरातली हिरवाई (भाग ९) : बेगोनियाच्या कुंडीतला वाफसा

मागच्या भागात आपण मनीप्लांट आणि स्नेक प्लांट पाहिले. दोन्ही झाडं आबाळ सोसणारी. आजचा रेक्स बेगोनिया तसा नाही. चंदेरी-जांभळ्या पानांची कुंडी नर्सरीत दिसली की घ्यावीशी वाटतेच. पण अहमदपूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पानांच्या कडा करपू लागतात. आपण घाबरून पाणी वाढवतो आणि झाड बुडातून सडतं. खरं तर कडा करपतात त्या कोरड्या हवेमुळे आणि झाड मरतं ते मुळाशी साचलेल्या पाण्यामुळे. दुखणी दोन, तेव्हा उपायही दोन हवेत.

रेक्स मूळचा आसामकडच्या दमट, सावलीच्या डोंगररानांतला. १८५७ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं. आज बाजारात मिळतात ते बहुतेक त्याचे संकर. याचा एक भाऊबंद आपल्या सह्याद्रीतही आहे : बेगोनिया क्रेनाटा. पावसाळ्यात तो ओल्या कातळांवर उगवतो आणि गुलाबीसर फुलं धरतो. तिथं हवा ओलीचिंब असते, पण मुळाशी पाणी थांबत नाही. बेगोनियाला काय हवं, ते त्या कातळावरच कळतं.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. मातीच्या कणांमध्ये ओल आणि हवा दोन्ही असतात, तो वाफसा. पेरणीला तो लागतो, तसाच बेगोनियाच्या मुळांनाही. म्हणून कुंडीत नुसती काळी माती भरू नये. ती पाणी धरून बसते आणि वाळली की भेगाळते. दोन भाग कोकोपीट, एक भाग चांगलं कुजलेलं पालापाचोळ्याचं खत आणि एक भाग जाडी वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे, एवढं मिश्रण पुरतं. रेक्सचं जाड खोड मातीच्या वरच्या थरात आडवं पसरतं, म्हणून कुंडी उथळ घ्यावी आणि खोड मातीखाली पुरू नये.

पाणी वार ठरवून घालू नये. बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घालावं. कोरडं लागलं तरच खालून निथळेपर्यंत पाणी द्यावं आणि बशीत साचलेलं ओतून टाकावं. बोअरच्या जड पाण्यानं मातीवर पांढरा थर धरतो आणि पानांची टोकं जळतात. पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं शुद्ध पाणी उत्तम. आरओतून बाहेर पडणारं वाया पाणी मात्र घालू नये. त्यात क्षार जास्तच असतात.

आता हवा. पसरट ताटात खडी घालून पाणी भरावं आणि कुंडी त्या खडीवर ठेवावी. तिचं बूड पाण्याला टेकता कामा नये. दोन-चार कुंड्या जवळजवळ ठेवल्या की त्यांच्या आसपास ओलावा टिकतो. उन्हाळ्यात कूलर चालतो ती खोली याला मानवते, फक्त कुंडी थेट झोतात नको. पानांवर पाणी फवारण्याचा मोह आवरावा. पानं ओली राहिली आणि हवा कोंडली की भुरी येते. पांढरे ठिपके दिसताच ते पान काढावं आणि खिडकी उघडी ठेवावी.

जागा पूर्वेच्या खिडकीपाशी, पडद्याआड. दुपारचं ऊन पानं भाजतं आणि अंधारात रंग फिका पडतो. थंडीत वाढ मंदावते, काही पानं गळतात. खोड टणक असेल तर झाड जिवंत आहे. पाणी कमी करावं आणि फेकण्याची घाई करू नये. पानांत ऑक्झलेट असतं, म्हणून कुंडी लहान मुलं आणि मांजरांपासून दूर ठेवावी.

पावसाळ्यात हवा दमट असताना एक निरोगी पान काढा. मागच्या जाड शिरांना ब्लेडनं दोन-तीन ठिकाणी छेद द्या, पान ओलसर वाळूवर सपाट ठेवा आणि वर पारदर्शक झाकण घाला. काही आठवड्यांत त्या छेदांतून इवली रोपं फुटतात. एक रोप शेजारी द्या. एका घरातलं झाड दगावलं तरी दुसऱ्या घरातून ते परत आणता येतं.

पुढील भागात : उन्हाळ्यात घरातले नेचे कसे जगवावेत.