आपल्याच तालुक्यात, मुलांना घेऊन एक दिवस

आज शेतीवर नाही, औषधपाण्यावर नाही, कुठल्या सरकारी योजनेवरही नाही. आज आपण फिरायला जाण्याबद्दल बोलणार आहोत. हसू नका.

शनिवार-रविवार आला की मुंबई, ठाणे, कल्याणकडून गाड्या आपल्याकडे येतात. पावसाळ्यात माळशेजच्या रस्त्याला तर रांगा लागतात. ती माणसं आपले डोंगर बघायला, आपल्या ओढ्यात पाय बुडवायला येतात. आपली मुलं तेव्हा रस्त्याच्या कडेला करवंदं नाहीतर मक्याची कणसं घेऊन बसलेली असतात. तोच डोंगर आपल्या मुलांनाही माहीत असतो, पण सरपणासाठी, गुरांमागे, हंडा घेऊन. कामाशिवाय त्या डोंगराकडे जायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आणि बायकांना विचारलं, तुम्ही फिरायला कधी गेलात, तर उत्तर ठरलेलं: लग्नाला जातो, यात्रेला जातो, माहेरी जातो. माहेरी जाऊनही चुलीपुढेच बसतो, ते वेगळं. घरातल्या सगळ्यांनी मिळून, काही काम न काढता, एक अख्खा दिवस बाहेर घालवायचा, हा प्रकार आपल्याकडे शहरातल्यांचा समजला जातो. आम्हाला हे पटत नाही. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत जे आहे ते बघायला लोक पैसे खर्चून येतात. आपल्याला ते एसटीच्या तिकिटात मिळतं.

पैशाचं आधी बोलू, कारण घरातून पहिला नकार तिथूनच येतो. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही अर्धं, पाचाच्या आतल्याला तिकीट नाही. म्हणजे आई, बाप आणि शाळेत जाणारी दोन मुलं मिळून झाली अडीच तिकिटं. सासूबाई-सासरे पंचाहत्तरी ओलांडलेले असतील तर त्यांना प्रवास फुकट, पासष्ट ते पंचाहत्तरमध्ये अर्ध्यात. आधार कार्ड तेवढं बरोबर ठेवा. खर्डी, आटगाव, आसनगाव, वासिंद या बाजूच्या बायांना लोकलही आहे. मुरबाडला अजून रेल्वे नाही, तिथे एसटीच.

आता कधी जायचं? शहरातल्यांना फिरायला पावसाळा हवा असतो. आपल्याला तेव्हा आवणी असते. कंबर मोडलेली बाई कुठे फिरायला जाणार! भाताची कापणी-झोडणी उरकली, दाणा घरात आला, की मग दिवाळीनंतर महाशिवरात्रीपर्यंतचे दिवस आपले. हवा थंड, ओढ्यांना थोडं पाणी, गवत वाळून वाटा मोकळ्या झालेल्या. पण ज्या घरांतली माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, त्यांना हे दिवस मिळत नाहीत. आमच्या कातकरी मैत्रिणींना आम्ही सांगू की आवणी संपल्यावर कापणीपर्यंत जो मोकळा काळ असतो, भादव्यापासून नवरात्रापर्यंतचा, तो धरा. फक्त तेव्हा पाण्याच्या जागा टाळा, त्याचं पुढे सांगतोच.

जागा निवडताना सगळ्यात धाकट्या मुलाचे पाय बघायचे. मोठ्या मुलाला गड चढायचा असतो, बापालाही चढायचा असतो, आणि चार वर्षांचं पोर शेवटी आईच्या कडेवर येतं. मग दिवस आईचा राहत नाही.

म्हणून लहान मुलं असतील तर आमच्या मते कसारा स्टेशन फार छान. आश्चर्य वाटेल, स्टेशनात काय बघायचं? कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत थळ घाट आहे. तिथला चढ असा की सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. पायी चालताना हा चढ काहीच नाही, रेल्वेला मात्र हा फार मोठा. पुढचं इंजिन एकट्याने अशी लांबलचक गाडी ओढू शकत नाही. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे आणखी इंजिनं लावतात, ती मागून ढकलत गाडी घाटावर नेतात. त्यांना बँकर म्हणतात. हा घाटाचा मार्ग १८६५ साली सुरू झाला, आणि डोंगर फोडून बोगदे काढणारे हात कष्टकऱ्यांचेच होते. येण्या-जाण्याचं तिकीट काढायचं, फलाटावर पिवळ्या पट्टीच्या मागे बसायचं, डबा उघडायचा आणि इंजिन जोडताना बघायचं. पाच वर्षांचं मूल दोन तास हलत नाही. बैलगाडी चढावर अडली की आपण मागून खांदा लावतो, तसंच हे, एवढं सांगितलं की त्याला सगळं कळतं.

मुलं आठ-दहा वर्षांच्या पुढची असतील तर नाणेघाट. मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या गाडीने वैशाखऱ्याला उतरायचं, तिथून जंगलातून पायवाट. मोठ्या माणसाला दोन-अडीच तास लागतात, मुलं बरोबर असतील तर तीन धरा. पहाटेची गाडी पकडली तरच जमतं.

नाणेघाट का, तर तो आपल्या मुरबाडचा दोन हजार वर्षांपूर्वीचा हायवे आहे. कल्याण, सोपारा ही तेव्हाची बंदरं. तिथे उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून या घाटाने जुन्नरला जायचा. वर घाटाच्या तोंडाशी एक भला मोठा दगडी रांजण आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून जकात घेऊन त्यात टाकत असत असं सांगतात. म्हणजे टोलनाका तेव्हाही होता, हे ऐकून मुलं हसतात. घाटातच खोदलेली एक मोठी गुहा आहे आणि तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत लांबच लांब लेख कोरला आहे. तो लेख नागनिका राणीचा. सातवाहन राजा सातकर्णीची ही बायको. कोणते यज्ञ केले, किती गाई, किती घोडे, किती नाणी दान दिली, ते सगळं त्यात मोजून लिहिलं आहे. मोजून लिहिलं म्हणून आकडे आले, आणि भारतात दगडावर कोरलेल्या सगळ्यात जुन्या आकड्यांमध्ये हे गणले जातात. गणिताच्या नावाने रडणाऱ्या मुलाला तिथे उभं करा. गुहेत राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्तीही होत्या. त्या आता मोडून गेल्या, वर कोरलेली नावं राहिली. त्यात नागनिकेचं नाव आहे. एवढ्या जुन्या काळातल्या बाईचं नाव आपल्या तालुक्याच्या डोक्यावर कोरलेलं आहे आणि आपल्या मुलींना ते ठाऊक नाही, याचं आम्हाला वाईट वाटतं. गुहेत नावं कोरू देऊ नका, खडूने लिहूही देऊ नका. आणि दुपारी दोनच्या आत उतरायला लागा.

गडांचं थोडक्यात. माहुली हा आपल्या शहापूरचा गड. १६३६ साली शहाजीराजांना मोगल आणि आदिलशाही फौजांनी इथेच वेढलं होतं. पण चढ दमवणारा आहे. बारा वर्षांच्या आतल्यांना पायथ्याचं जंगल पुरे. गोरखगडाच्या कातळातल्या पायऱ्या आम्ही लहान मुलांसाठी सांगणारच नाही. सिद्धगडाच्या पायथ्याशी मात्र जरूर न्या. २ जानेवारी १९४३ ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे इंग्रजांच्या पोलिसांच्या गोळीला बळी पडले. दरवर्षी त्या दिवशी तिथे माणसं जमतात, सोबत मिळते. धडा पुस्तकात वाचण्यापेक्षा ते झाडीतलं स्मारक मुलांच्या जास्त लक्षात राहतं.

तानसा अभयारण्यात जाणार असाल तर मुलांना एक काम द्या: रानपिंगळा शोधायचा. हे लहानसं घुबड दिवसाउजेडी बाहेर दिसतं. शंभराहून जास्त वर्षं ते कुणाला दिसलं नव्हतं, संपलं असंच धरलं होतं. १९९७ साली ते शहाद्याकडे पुन्हा सापडलं, आणि २०१४ मध्ये आपल्या तानशाच्या जंगलात दिसलं. दिसेलच असं नाही, पण शोधताना मुलं गप्प चालतात, हाही फायदाच.

तानशाला गेलं की मुलं आणखी एक गोष्ट विचारतात, त्याची तयारी ठेवा. जंगलातून जाणारे ते माणसाहून उंच पाण्याचे पाईप कुठे जातात? मुंबईला. तानसा धरण १८९२ साली पुरं झालं ते मुंबईच्या पाण्यासाठी. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी तानसा, भातसा, मोडकसागर आपल्या शहापूर तालुक्यात आहेत. मग आपल्या पाड्यावर उन्हाळ्यात टँकर का येतो? खोटं उत्तर देऊ नका. धरण कुणासाठी बांधलं, जमीन कुणाची गेली, पाणी कोण ठरवतं, जे माहीत आहे ते सांगा. दहा वर्षांच्या मुलीला हंडा उचलता येतो तर हेही कळतं.

आता पाण्याचं, आणि हे नीट ऐका, कारण इथे मूल गमावायची वेळ येते. आपल्या मुलांना विहिरीत पोहता येतं, म्हणून आपण निर्धास्त असतो. धरणाचं पाणी विहिरीसारखं नसतं. काठाला गाळ असतो, पाय रुततो. दोन पावलं गुडघाभर आणि तिसऱ्या पावलाला तळ नाही, कारण खाली जुनी शेतं, बांध, ओढ्याची पात्रं बुडलेली असतात. बारवी धरणाचे दरवाजे तर पाणी भरलं की आपोआप उघडतात. खालच्या नदीत तेव्हा मुलं असली तर पळायलाही वेळ मिळत नाही. धबधब्याचंही तसंच. आपल्याकडे ऊन पडलेलं असतं, वर घाटावर पाऊस कोसळलेला असतो, आणि पाणी एकदम येतं. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला, की त्याच क्षणी बाहेर. पावसाळ्यात बहुतेक वर्षी जिल्हाधिकारी अशा जागांवर बंदी घालतात. ती पर्यटकांसाठी आहे, आपण इथलेच, असं समजू नका.

एक बुडायला लागला की दुसरा वाचवायला उडी मारतो, आणि दोघंही जातात. मुलांना घरीच शिकवा: उडी मारायची नाही. ओरडायचं, आणि लांब फांदी, दोरी, साडी, रिकामा बंद कॅन, जे मिळेल ते फेकायचं. ११२ ला फोन करायचा, रुग्णवाहिकेला १०८. साप चावला तर बांधाबांधी, चिरणं, भगत काही नको. हालचाल न करता सरळ शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय नाहीतर मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय गाठायचं.

पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते. गुरांचा बाजार, घोंगड्या, पाळणे, मुलांचा आनंद विचारू नका. तिथे गर्दीत मूल हरवतं. फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी प्रत्येकाच्या खिशात घाला, ज्याला बोलता येतं त्याच्याही. घाबरलेलं मूल आपलं नावही विसरतं. हरवलेल्या मुलासाठी १०९८ हा नंबर आहे.

राहिला डबा. फिरायला जायचं म्हणून बाईने पहाटे तीनला उठून चाळीस भाकऱ्या थापायच्या, मग तिला कसलं फिरणं? तांदळाच्या भाकऱ्या आदल्या रात्री करा, सोबत सुकटीची चटणी किंवा ठेचा, उकडलेली अंडी, शेंगदाण्याचे लाडू. भात आणि ओलं कालवण उन्हात आंबतं, नको. अंडी उकडणं, लाडू वळणं, बाटल्या भरणं ही कामं मुलांना आणि त्यांच्या बापाला वाटून द्या. माणशी दोन लिटर पाणी, आणि ते आईच्या एकटीच्या पिशवीत नाही. तिथे पोचल्यावर चूल मांडायची नाही. जंगलात विस्तव नकोच, आणि चूल मांडली की तिच्यापुढे कोण बसणार ते आपल्याला माहीत आहे.

एक गोष्ट बायका विचारायला लाजतात. डोंगरावर लघवीला कुठे जायचं? दिवसभर पाणीच प्यायचं नाही, हा उपाय नव्हे. उन्हात चक्कर येते, लघवीची जळजळ होते. निघताना स्टँडवर जाऊन घ्या, एक जुनी साडी आडोशाला ठेवा, दोघी-दोघींनी जा. पाळीचे दिवस असले तर कापडं किंवा पॅड आणि वापरलेलं परत आणायला एक पिशवी. पाळी आहे म्हणून घरी बसू नका.

दोन-तीन घरांनी मिळून गेलात तर उत्तम. मुलांवर नजर वाटली जाते आणि आयांना आळीपाळीने झाडाखाली आडवं होता येतं. त्या वेळी मुलांकडे बघायचं काम बाप्यांचं, हे निघायच्या आधीच मोठ्याने ठरवून घ्या.

आणि उतरल्या उतरल्या कंडक्टरला विचारा, परतीची शेवटची गाडी किती वाजता. फलकावरची वेळ धरू नका, त्याच्या तोंडूनच ऐका, आणि शेवटच्या आधीची गाडी आपली समजा.