मधुमालती : एका घोसातले तीन रंग

जुन्या बंगल्यांच्या फाटकांवर कमानीसारखी चढलेली, संध्याकाळ झाली की रस्त्यापर्यंत दरवळणारी मधुमालती शहरवासीयांच्या चांगल्याच ओळखीची आहे. एकाच घोसात पांढरी, गुलाबी आणि गडद लाल फुले दिसतात, त्यामुळे या वेलीवर तीन जातींची फुले येतात असा अनेकांचा समज असतो. वास्तविक ते एकाच फुलाचे तीन दिवसांचे वय असते. सायंकाळी उमलताना फूल पांढरे असते. दुसऱ्या दिवशी त्यावर गुलाबी छटा चढते आणि त्यानंतर ते लाल होऊन खाली झुकते.

या रंगबदलामागे निसर्गाचा नेटका हिशेब आहे. पहिल्या रात्री फुलाचा सुगंध तीव्र असतो आणि पांढरा रंग अंधारातही उठून दिसतो. लांब सोंडेच्या निशाचर पतंगांसाठी हे आमंत्रण असते, कारण फुलाची बारीक नळी पाच ते सात सेंटिमीटर लांब असून मध तिच्या तळाशी असतो. दिवस उजाडल्यावर गिऱ्हाईक बदलते. गुलाबी-लाल फुलांकडे मधमाश्या, फुलपाखरे आणि शिंजीर पक्षी येतात. म्हणूनच ज्यांना सुगंधाचा आनंद घ्यायचा आहे, त्यांनी ही वेल रात्री जिथे बसणे-उठणे होते तिथे, म्हणजे झोपण्याच्या खोलीच्या खिडकीजवळ किंवा गच्चीच्या कठड्याशी लावावी. केवळ सकाळी पाहायची असेल, तर तिचे निम्मे वैभव वायाच जाते.

नावाचा घोळ मात्र मोठा आहे. संस्कृत साहित्यातील माधवीलता ती हीच, असे हौसेने सांगितले जाते. ते बरोबर नाही. अमरकोशाने जिला अतिमुक्त, वासंती अशीही नावे दिली आहेत ती माधवी म्हणजे सह्याद्रीच्या रानात आढळणारी हळदवेल. तिच्या पांढऱ्या फुलाच्या एका पाकळीवर पिवळा डाग असतो आणि फळाला तीन पंख असतात. तिलाही काही ठिकाणी मधुमालतीच म्हणतात, त्यामुळे रोपवाटिकेत केवळ नाव सांगून भागत नाही. फूल पाहूनच रोप घ्यावे. बागेतली तिरंगी मधुमालती हिरडा, बेहडा आणि अर्जुन यांच्या कुळातली आहे. इंग्रजांनी तिला रंगूनची वेल म्हटले. तिचे शास्त्रीय नाव आज कॉम्ब्रेटम इंडिकम असले, तरी जुन्या पुस्तकांत ते क्विसक्वॅलिस इंडिका असे आढळते. 'क्विस' आणि 'क्वॅलिस' या लॅटिन शब्दांचा अर्थ 'कोण?' आणि 'कसा?' असा होतो. सतराव्या शतकात अंबोन बेटावर राहून तिथल्या वनस्पतींचे वर्णन करणाऱ्या रुम्फियस या अभ्यासकाने हे नाव योजले, आणि लिनियसने १७६२ मध्ये ते शास्त्रात रुजवले.

हे प्रश्नार्थक नाव बागप्रेमींनी जरूर लक्षात ठेवावे. लावल्यानंतर प्रारंभीचे काही महिने मधुमालती वेलीसारखी वागतच नाही. ती बुटक्या झुडपासारखी एका जागी बसून राहते. रोप खराब निघाले असे समजून अनेक जण याच काळात ते उपटून टाकतात. मुळे बसली की तळातून अचानक लांबलचक फुटवे निघतात आणि मग तिला आवरणे कठीण जाते. पाहता पाहता ती दुसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचते.

लागवडीस पावसाळ्याची सुरुवात उत्तम. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या अर्धपक्व फांद्या जून-जुलैत सावलीत लावल्यास सहज फुटतात. जुन्या वेलीच्या आसपास मुळांतून निघालेली पिलेही काढून लावता येतात. बियांच्या नादी लागण्याचे कारण नाही. दुहेरी पाकळ्यांच्या प्रकाराला तर बी धरतच नाही. खड्डा दीड-दोन फुटांचा घ्यावा. काळी चिकण माती असल्यास तीत मुरूम किंवा वाळू मिसळावी, कारण मुळांशी पाणी साचणे या वेलीला मानवत नाही. शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड पुरते. किमान पाच-सहा तास ऊन मिळाले नाही, तर पानेच पाने येतात. नत्रयुक्त खतांचा अतिरेक केल्यासही तेच होते. कुंडीत लावायची झाल्यास दीड फुटाहून लहान कुंडी घेऊ नये. जुने पिंप त्याहून बरे.

या वेलीला ताणे नसतात, भिंतीला चिकटणारी मुळेही नसतात. पाने गळून पडल्यावर देठांचे तळ कडक होऊन काट्यासारखे मागे राहतात आणि त्यांच्या आधाराने ती अडकत अडकत चढते. साहजिकच सुरुवातीला सुतळीने बांधून तिला वाट दाखवावी लागते. खरी चूक होते ती आधार निवडताना. पावसाने भिजलेल्या जुन्या वेलीचे वजन प्रचंड असते; वादळी वाऱ्यात पन्हळीचे पाइप, गंजलेल्या खिडक्यांच्या जाळ्या, सिमेंटचे पत्रे तिच्यासह खाली येतात. लोखंडी नळांची स्वतंत्र कमान करणे महाग पडले, तरी शहाणपणाचे. एखाद्या झाडावर तिला चढवू नये, कारण झाडाचा माथा झाकून ती त्याचे ऊन अडवते. सोसायटीत लावताना वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांना आधी विचारलेले बरे. खाली उभ्या मोटारींवर पडणाऱ्या फुलांच्या सड्याचे कौतुक सर्वांनाच असते असे नाही.

फुले नव्या फुटव्यांवर येतात, त्यामुळे छाटणीत दयामाया नको. थंडीत बहर ओसरल्यावर, फेब्रुवारीपर्यंत, वाळक्या व गुंतलेल्या फांद्या काढून मुख्य फांद्या निम्म्याने कमी कराव्यात. उन्हाळ्यात बहर येतो आणि तो पावसाळाभर टिकतो. रोगराईचा त्रास फारसा नसतो. पिठ्या ढेकूण दिसल्यास पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढावा.

या वेलीच्या बिया जंतांवरील औषध म्हणून पूर्व आशियात पूर्वापार वापरल्या जातात. मात्र मात्रा चुकल्यास उचक्या आणि उलट्या होतात, तेव्हा घरगुती प्रयोग टाळावेत.

पुनर्विकासात जुने बंगले पडतात तेव्हा फाटकावरची मधुमालती बहुधा पहिल्याच दिवशी तोडली जाते. जाड बुंध्याची वेल मुळांसकट हलवणे जिकिरीचे असते आणि ती जगेलच असे नाही. परंतु घर रिकामे करण्याची तारीख ठरताच खालची एक लवचिक फांदी वाकवून, मातीने भरलेल्या कुंडीत दाबून, वर दगड ठेवला तर साधारण दीड-दोन महिन्यांत तिला मुळे सुटतात. मूळ वेलीपासून ती तोडून कुंडी भाड्याच्या घरी नेता येते. एकाच फांदीवर न विसंबता तीन-चार कुंड्या कराव्यात आणि त्यांतील एखादी शेजाऱ्यांकडेही ठेवावी.