विश्लेषण : घरच्या वाय-फायवरून पोलीस दारात येऊ शकतात का? राउटर, आयपी, एसएसआयडी म्हणजे नेमके काय?

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी प्रसारमाध्यमांना एक ई-मेल आला होता. त्याचा माग काढत पोलीस नवी मुंबईतील सानपाडा येथील एका सदनिकेपर्यंत पोहोचले. तेथे राहणाऱ्या अमेरिकी नागरिकाच्या असुरक्षित वाय-फायचा वापर करून तो मेल भलत्याच व्यक्तीने पाठवल्याचे तपासात पुढे आले. आज घरोघरी वाय-फाय आहे, पण राउटरच्या सेटिंगमधील शब्द अनेकांना अनोळखीच असतात. ते समजून घेणे का गरजेचे आहे?

मोडेम आणि राउटर एकच का?

नाही. कंपनीची वायर ज्या उपकरणाला जोडली जाते, तो मोडेम. फायबर जोडणीत त्या जागी ‘ओएनटी’ असते. राउटर ही एक जोडणी घरातील मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप यांच्यात वाटतो. अनेक घरांत ही दोन्ही कामे एकच डबा करतो, म्हणून गल्लत होते.

आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे काय?

नेटवर्कवरील उपकरणाचा पत्ता. राउटर घरातल्या प्रत्येक उपकरणाला १९२.१६८.१.५ यासारखा खासगी पत्ता देतो. हे काम ‘डीएचसीपी’ या सुविधेमार्फत आपोआप होते. हा पत्ता सोसायटीतील फ्लॅट क्रमांकासारखा असतो. ‘फ्लॅट ५’ प्रत्येक सोसायटीत असू शकतो, त्यामुळे बाहेरच्याला त्यावरून काही कळत नाही. बाहेरच्या जगाला सहसा घरातील सगळी उपकरणे एकाच सार्वजनिक पत्त्याने दिसतात. मेल कुणीही पाठवलेला असो, तपास आधी जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्या दारी येतो, तो यामुळेच.

एसएसआयडी आणि डब्ल्यूपीए कशासाठी?

मोबाइलवर दिसणारे वाय-फायचे नाव म्हणजे एसएसआयडी. त्यात आडनाव किंवा फ्लॅट क्रमांक टाकू नये. नाव लपवल्याने सुरक्षितता फारशी वाढत नाही, कारण साध्या सॉफ्टवेअरने ते शोधता येते.

खरे संरक्षण देते ते एन्क्रिप्शन. जुन्या ‘डब्ल्यूईपी’ पद्धतीतील त्रुटी २००१ मध्येच उघड झाल्या. ‘डब्ल्यूपीए२’ २००४ मध्ये आणि ‘डब्ल्यूपीए३’ २०१८ मध्ये आले. राउटरमध्ये यापैकी एक निवडलेले असावे. काही जुनी उपकरणे डब्ल्यूपीए३ला जोडली जात नाहीत, तेव्हा डब्ल्यूपीए२ ठेवता येते.

पासवर्ड एक की दोन?

दोन. पहिला वाय-फायला जोडण्याचा, दुसरा राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा. पहिला बहुतेक जण बदलतात, दुसरा ‘अ‍ॅडमिन’च राहतो. मग वाय-फायवर आलेली कोणतीही व्यक्ती ‘डीएनएस’ बदलू शकते. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधून देणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. तीच बदलली तर बँकेचे नाव टाइप करूनही बनावट पानाकडे वळवले जाण्याचा धोका असतो.

आतल्या खोलीत वेग का मिळत नाही?

२.४ गिगाहर्ट्‌झचे सिग्नल भिंती ओलांडून दूर जातात, पण वेग कमी असतो. ५ गिगाहर्ट्‌झवर वेग जास्त, पल्ला कमी. शिवाय २.४मध्ये एकमेकांवर न येणारे चॅनेल तीनच आहेत : १, ६ आणि ११. इमारतीत वीस राउटर असतील तर तेथे गर्दी होणारच. राउटरजवळ ५ आणि दूरच्या खोलीत २.४ वापरणे सोयीचे.

१०० एमबीपीएस असूनही फाइल हळू का उतरते?

वेग मेगाबिटमध्ये सांगतात, फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. त्यामुळे १०० एमबीपीएसवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट उतरतात. एक जीबीच्या फाइलला किमान ८० सेकंद लागणारच.

आज काय करावे?

दोन्ही पासवर्ड बदलावेत. पाहुण्यांसाठी ‘गेस्ट नेटवर्क’ सुरू करावे. राउटरचे सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवावे. जोडलेल्या उपकरणांची यादी अधूनमधून पाहावी आणि त्यात अनोळखी नाव दिसले व ते घरातल्या कुणाचेच नसेल, तर वाय-फायचा पासवर्ड लगेच बदलावा.