जुनी गाडी आणि स्वस्तातले सुटे भाग

पावसाळा तोंडावर आला की पेडणे, डिचोली, साखळी भागातल्या गॅरेजांत गाड्यांची रांग लागते. वायपर, ब्रेक, गळणाऱ्या काचा ही सगळी कामे एकदमच आठवतात. काही गाड्यांना पंधरा वर्षे पूर्ण झालेली असतात, त्यांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी वाहतूक खात्यासमोर उभे करायचे असते. अशा वेळी सुट्या भागांच्या दुकानात गेलो की काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, "ओरिजिनल जाय काय लोकल?" दोहोंच्या किमतीत कधी कधी दुपटी-तिपटीचा फरक असतो. गाडीचीच किंमत साठ-सत्तर हजारांवर आलेली, मग तिला एवढा महाग भाग कशाला, असा विचार कोणाच्याही मनात येतो. तो अगदीच चुकीचा आहे असेही नाही. काही भाग स्वस्त घेतले तरी चालतात, काही मात्र मुळीच चालत नाहीत. पालकांनी, मोठ्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी आणि शाळेच्या वाहनांची जबाबदारी असलेल्या विश्वस्तांनी हा फरक समजून घ्यावा, एवढ्यासाठी हा लेख.

आपल्या भागात आजही कितीतरी मुले जुन्या ओम्नी व्हॅनमधून शाळेत येतात. ओम्नीचे उत्पादन २०१९ साली थांबले. मारुती ८०० जानेवारी २०१४ मध्ये बंद झाली, अँबेसिडरही त्याच वर्षी. या गाड्या साध्या आणि दणकट आहेत, नीट निगा राखली तर अजून धावतील. पण मॉडेल बंद झाले की कंपनीच्या खोक्यातला भाग हळूहळू दुर्मीळ होतो आणि त्याची जागा कोण भरून काढतो, हे गिऱ्हाइकाला कळत नाही.

'लोकल' हा शब्दही फसवा आहे. गाडीचा कारखाना सगळे भाग स्वतः बनवत नाही. ब्रेक एकाकडून, क्लच दुसऱ्याकडून, फिल्टर तिसऱ्याकडून घेतो. हेच पुरवठादार तोच माल स्वतःच्या नावाच्या खोक्यातही विकतात, आणि तो गाडीच्या कंपनीच्या खोक्यापेक्षा पुष्कळदा स्वस्त पडतो. अशा मालाला कमी लेखण्याचे कारण नाही. जुन्या गाडीला तोच उत्तम पर्याय असतो. त्याच्या खालोखाल छोट्या कारखान्यांचा माल येतो. त्यात बरा असतो, वाईटही असतो. आणि सर्वात खाली असतो तो नकली माल, म्हणजे नामवंत कंपनीचे नाव छापून आत काहीही भरलेला. गिऱ्हाईक बहुधा या शेवटच्या दोहोंत फसते.

आता ब्रेककडे वळू, कारण खरा धोका तिथेच आहे. सातशे किलोची गाडी पायाच्या दाबाने थांबते ती पास्कलच्या नियमामुळे. मास्टर सिलिंडरमध्ये दिलेला दाब ब्रेक ऑइलमधून चारही चाकांपर्यंत सारखा पोचतो. तो दाब अडवून धरतात त्या रबराच्या लहानशा वाट्या. एका वाटीची किंमत काय, तर चहा-पाव येईल एवढी! पण हे रबर विशिष्ट जातीचे लागते. हलके रबर ब्रेक ऑइलमध्ये राहून फुगते, मऊ पडते, आणि एके दिवशी पेडल थेट तळाला जाते.

ब्रेक दाबला म्हणजे गाडीच्या गतीचे रूपांतर उष्णतेत होते. दहावीच्या मुलांनी हे गणित करून पाहावे. माणसांसह ९०० किलो वजनाची मारुती ८०० चोर्ला घाट उतरून सत्तरीतील केरीकडे येताना ५०० मीटर खाली आली असे समजा. वस्तुमान, गुरुत्व त्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला की सुमारे ४४ लाख ज्यूल येतात. इतक्या ऊर्जेत मोठ्या कळशीतले १५ लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीपर्यंत जाईल. इंजिन गिअरमध्ये असेल तर काही भार ते उचलते, काही हवा उचलते, पण बाकीची उष्णता ब्रेकच्या पॅड-लायनरांत शिरते. चांगल्या लायनरमधील राळ आणि तंतू ही उष्णता सोसतात. हलक्या लायनरमधील राळ जळते, पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि पाय कितीही दाबला तरी गाडी सरकतच राहते. चिकटवण नीट नसेल तर लायनर बुटावरून सुटूनही येते. म्हापशाच्या बाजारात सपाट रस्त्यावर चालवून पाहिलेल्या गाडीत यातले काहीच जाणवत नाही. गॅरेजवाला 'ट्रायल' घेतो तीही सपाटीवरच.

ब्रेक ऑइलबद्दल आपल्याकडे फारच बेफिकिरी आहे. हे तेल हवेतील ओल शोषून घेते, आणि आपल्या कोकण किनाऱ्यावर हवेत ओलीला काय तोटा! डॉट ३ दर्जाचे ताजे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. त्यात चारेक टक्के पाणी मुरले की हीच मर्यादा १४० अंशांवर येते. घाटात त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि दाब चाकापर्यंत पोचतच नाही. म्हणून दर दोन वर्षांनी तेल पूर्ण बदलावे, नुसते वरून भर घालून भागत नाही. सुटे, उघड्या बाटलीतले तेल तर घेऊच नये. ब्रेकच्या टाकीत चुकूनही इंजिन ऑइल पडता कामा नये, त्याने सगळे रबर फुगते.

पेडण्याच्या किनारपट्टीवर, म्हणजे मोरजी, मांद्रे, हरमल, केरी या भागात, आणखी एक शत्रू आहे: खारा वारा. गाडीखालून जाणाऱ्या ब्रेकच्या लोखंडी नळ्या तो खातो. स्वस्त नळीवरचा मुलामा पातळ असतो आणि गंज आतल्या आत पसरतो. डिचोलीकडे परिस्थिती वेगळी, तिथे तांबडी धूळ. खाणींच्या ट्रकांनी वर्षानुवर्षे ती रस्त्यांवर पसरली, आणि मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्यानंतरही आपली मूळची तांबडी माती आहेच. स्टिअरिंगच्या बॉल जॉइंटवर रबराची टोपी असते. हलकी टोपी वर्षभरात चिरते, धूळ ग्रीसमध्ये शिरून पॉलिश पेपरासारखे काम करते, सांधा सैल होतो आणि अखेर निखळतो. मग चाक कुठल्या दिशेला जाईल हे चालकाच्या हाती राहत नाही. हवेच्या फिल्टरचेही तसेच, कागद हलका असेल तर धूळ सरळ इंजिनात जाते. पण त्यात नुकसान खिशाचे होते, जिवाचे नाही.

हेडलाइटला जास्त उजेड हवा म्हणून ६०/५५ वॅटऐवजी १००/९० वॅटचा बल्ब घालण्याची हौस अनेकांना असते. १२ व्होल्टवर ६० वॅटला ५ अँपिअर प्रवाह लागतो, १०० वॅटला ८.३. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे इथे पावणेतीन पटींहून जास्त. वीस वर्षांच्या जुन्या तारेचे आवरण ती कशी सोसणार? पेट्रोलच्या रबरी पाइपबाबतही आता जपायला हवे. २०२५ सालापासून पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये साधारण २० टक्के इथेनॉल असते आणि जुन्या प्रकारचे रबर त्याने लवकर कडक होते, चिरते. पाइप बदलताना इथेनॉल चालणाराच मागावा. गरम इंजिनावर ठिबकणाऱ्या पेट्रोलचा परिणाम सांगायला नको.

नकली भाग म्हणजे केवळ आपल्या बाजारातली गोष्ट नव्हे. ८ सप्टेंबर १९८९ रोजी पार्टनेअर या नॉर्वेच्या कंपनीचे ऑस्लोहून हँबर्गला निघालेले विमान डेन्मार्कजवळ समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व ५५ जण मृत्युमुखी पडले. विमान ३६ वर्षांचे जुने होते. चौकशीत आढळले की शेपटीचा उभा भाग धरून ठेवणारे काही बोल्ट नकली व कमजोर होते. आपल्या मोप्याच्या विमानतळावर उतरणाऱ्या विमानांत प्रत्येक भाग कोठून आला याचा कागद जपला जातो, तो अशाच अनुभवांमुळे. मोटारीच्या बाबतीत मात्र आपण बिलसुद्धा मागत नाही.

कायदा या बाबतीत कडक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या ९१ व्या कलमानुसार नकली वस्तू विकल्यामुळे कोणाचा मृत्यू झाल्यास किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आणि किमान दहा लाख रुपये दंड होऊ शकतो. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक आहे. पण हातात बिल नसेल तर भाग कोणाकडून घेतला हेच सिद्ध करता येत नाही. खोक्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, महिना-वर्ष, कमाल किंमत व ग्राहक-सेवेचा क्रमांक छापलेला असला पाहिजे. नसेल तर भाग परत करावा. काढलेला जुना भाग गॅरेजवाल्याकडून मागून घ्यावा आणि नवा त्याच्या शेजारी ठेवून पाहावा. वजनातला फरक हातालाच कळतो. रिकामे खोके फाडूनच टाकावे, कारण नकली माल भरायला अशी खरी खोकी विकत घेणारे असतात.

बंपर, आरसा, दाराची मूठ, सीट कव्हर, पायपोस हे खुशाल स्वस्त घ्या, कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आणले तरी हरकत नाही. गाडी थांबवणारे, वळवणारे आणि आग लावू शकणारे भाग मात्र वापरलेले किंवा बेनामी घेऊ नयेत. शाळेच्या बालरथाची आणि मुलांना आणणाऱ्या व्हॅनची दुरुस्ती होते तेव्हा विश्वस्तांनी रकमेबरोबर भागाचे नाव व बनावट लिहिलेले बिल मागावे. व्हॅनवाल्यालाही स्वस्त लायनर घालण्याची हौस नसते. महिन्याच्या पैशांत घासाघीस होते तेव्हा तो कुठेतरी काटकसर करणारच, हे पालकांनीही ध्यानात घ्यावे.

एक तपासणी घरच्या घरी करता येते. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन चालू ठेवा, ब्रेक जोराने दाबा आणि मिनिटभर पाय तसाच ठेवा. पेडल जागेवर टिकले तर ठीक. ते हळूहळू खाली जात राहिले, तर कुठेतरी वाटी किंवा नळी दाब सोडते आहे. अशी गाडी त्या दिवशी रस्त्यावर काढू नये, गॅरेजवाल्यालाच घरी बोलवावे.