शाळिग्रामाची जात कशी ठरते?

चंद्रपूर-गडचिरोलीत जीवाश्मांवर बोलायला उभं राहिलं की एक प्रश्न हमखास येतो. सिरोंच्याला डायनासोरची हाडं निघतात, वडधमला झाडांचे दगड झालेले ओंडके आहेत. मग शाळिग्राम का निघत नाही?

प्रश्न चांगला आहे. आपल्या देवघरातला, चक्र असलेला काळा शाळिग्राम म्हणजे बहुधा अमोनाइट. तो हिमालयातल्या गंडकीच्या पात्रातून येतो. अमोनाइट हा माकूळ आणि नॉटिलस यांचा नातलग, नामशेष झालेला सागरी प्राणी. सागरी हा शब्द धरून ठेवा, कारण उत्तर त्यातच आहे. सिरोंच्याजवळच्या कोटा गावावरून ज्या खडकांना नाव मिळालं, ते ज्युरासिक काळातले. कच्छचे अमोनाइटवाले खडकही ज्युरासिकच. पण कच्छवर तेव्हा समुद्र होता, आणि कोट्याचा गाळ बहुतेक अभ्यासक नदी-तळ्यांचा मानतात. म्हणजे काळ साधारण तोच, पाणी वेगळं.

तरीही कुणीतरी वेटोळं असलेला दगड आणून दाखवतंच. वरोरा तालुक्यातल्या पिजदुऱ्याला डायनासोरच्या हाडांबरोबर आणि दगड झालेल्या विष्ठेबरोबर गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंखही मिळतात. मग ही गोगलगाय की अमोनाइट? नुसत्या वेटोळ्यावर जाऊ नका. गोगलगायीचा शंख आतून एकच सलग पोकळी असतो, आणि वेढे सहसा मळसूत्रासारखे एका बाजूला चढत जातात. अमोनाइटचे वेढे बहुधा एकाच पातळीत असतात, आणि आत पडदे घालून खोल्या केलेल्या असतात. प्राणी राहायचा शेवटच्या खोलीत. मागच्या खोल्यांतून एक बारीक नळी जायची, आणि तिच्यामुळे त्याला पाण्यात तरंगणं सांभाळता यायचं.

हा पडदा शंखाच्या भिंतीला जिथे चिकटतो, तिथे एक रेषा उमटते. तिला आपण शिवण म्हणू. वरचं कवच झिजलं की ती दिसते, आणि शंभर-दीडशे वर्षं वर्गीकरणाचा मोठा भार या शिवणीवरच राहिला आहे. साधी नागमोडी शिवण गोनियाटाइटांची, ते जुने. एका बाजूला गुळगुळीत कमानी आणि दुसऱ्या बाजूला बारीक दाते असले तर सेराटाइट, ट्रायासिक काळातले. आणि नक्षीदार, सगळीकडून कातरलेली शिवण खऱ्या अमोनाइटांची. हे तीन कप्पे पाठ करायला सोपे आहेत, आणि तिथेच फसगत होते.

कारण पुढे क्रिटेशस काळात, सेराटाइट संपून कितीतरी कोटी वर्षं झाल्यावर, अमोनाइटांच्या काही वंशांत शिवण पुन्हा सोपी, जवळजवळ सेराटाइटासारखी झाली. आता यांना कुठे बसवायचं? आमचा विषय तत्त्वज्ञान, म्हणून आम्हाला इथे उदयनाचार्य आठवतात. दहाव्या शतकात, ‘किरणावली’त त्यांनी खरी जाती कोणती नाही हे ओळखण्याच्या अडचणी सांगितल्या. (जाती म्हणजे समाजातली जात नव्हे, गायींतलं गोत्व, ते.) त्यांतली एक अडचण संकराची: दोन धर्म एकमेकांना सोडूनही राहतात आणि कुठे एकत्रही सापडतात, तर दोन्हींना जाती म्हणता येत नाही. शिवणीचा सोपा नमुना आणि क्रिटेशस वंश यांचं नेमकं तसंच आहे. अभ्यासकांनी वंश धरला आणि शिवणीला खूण म्हणून ठेवलं. आमच्या मते बरोबर केलं.

दुसरा घोळ याहून मजेदार आहे. समजा मोर नाहीसे झाले आणि फक्त पिसं उरली. मोराची पिसं पाहून एक नाव दिलं, लांडोरीची पाहून दुसरं. अमोनाइटांत हेच घडलं. कच्छच्या अमोनाइटांवर वागेनने 1873 ते 1875 मध्ये ग्रंथ लिहिला, स्पॅथने 1927 ते 1933 मध्ये त्याची फेरतपासणी करून नावांची संख्या खूप वाढवली. पुढे 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला पोलंडचे माकोव्स्की आणि इंग्लंडचे कॅलोमन यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की, एकाच थरात सापडणारे, लहानपणीचे वेढे सारखे असलेले मोठे आणि छोटे शंख ही पुष्कळदा एकाच प्राण्याची मादी आणि नर असावीत. मोठा शंख मादीचा, असं बहुतेकजण मानतात. म्हणून कच्छच्या मॅक्रोसेफॅलायटीसची मोठी रूपं आणि कॅम्प्टोकेफॅलायटीस नावाची छोटी रूपं आज एका घरात येतात. तरी वादही आहेत, कारण मऊ शरीर जवळजवळ कधीच हाती लागत नाही.

यात ‘एकाच थरात’ हे शब्द सगळ्यात महागाचे. मोठा आणि छोटा शंख एकाच थरातून आले हे माहीत नसेल, तर जोडी लावताच येत नाही. बाजारातल्या शाळिग्रामाला थर नसतो, फक्त किंमत असते. पिजदुऱ्याच्या शिवारातून खिशात घालून आणलेल्या गोगलगायीचंही तेच. कुणाला असा दगड दिसला, तर जागेवरच त्याचा फोटो घ्या, शेजारचा थरही फोटोत येऊ द्या, आणि दगड तिथेच राहू द्या.